ब्लूबेरी : पुराण आणि पुरावा

मधुमेहाचे निदान झाले की घरातला पहिला बदल फळांच्या टोपलीत दिसतो. आंबा, चिकू, सीताफळ मागे सरकतात आणि हल्ली त्यांच्या जागी एक छोटी पारदर्शक डबी येऊ लागली आहे. वजन १२५ ग्रॅम, आत करवंदाएवढी निळसर फळे, झाकणावर पेरू, चिली किंवा अमेरिका असे देशाचे नाव. किंमत अनेकदा दोन-तीनशे रुपये. डबी आणणाऱ्या मुलाने किंवा सुनेने कुठेतरी वाचलेले असते, की ब्लूबेरी साखर ताब्यात ठेवते, हृदय सांभाळते, विसराळूपणा रोखते, नजर तेज करते, शिवाय कर्करोगालाही दूर ठेवते. एकटे फळ एवढी कामे करत असेल तर अडीचशे रुपये काही जास्त नाहीत, असा हिशेब मग घरात मांडला जातो.

मोबाइलवर फिरणाऱ्या अशा यादीतले सगळेच खोटे असते तर गोष्ट सोपी होती. ब्लूबेरीच्या बाबतीत तसे नाही. या फळावर जितका अभ्यास झाला आहे तितका फार थोड्या फळांच्या वाट्याला आला असेल आणि त्यातला काही अभ्यास खरोखर चांगला आहे. म्हणूनच यादीतल्या कोणत्या दाव्यामागे किती पुरावा आहे आणि तो रोज किती फळे खाल्ल्यावर लागू होतो, हे पाहायला हवे. घरखर्चाच्या दृष्टीने तर यातला दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा.

रानातून बागेत

सव्वाशे वर्षांपूर्वी हे फळ बागेत पिकवता येत नाही, असेच अमेरिकेतले शेतकरी धरून चालत. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनी ते पिढ्यान्‌पिढ्या रानातून वेचले होते, हिवाळ्यासाठी वाळवून ठेवले होते, सुक्या मांसाबरोबर कुटून प्रवासाची शिदोरीही केली होती. पण झुडूप रानातून उपटून बागेत लावले की ते मरायचे. अमेरिकी कृषी खात्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी त्याचे कारण शोधले. चांगली नांगरलेली, चुना आणि शेणखत घातलेली जमीन, म्हणजे इतर पिकांचे लाड ज्या जमिनीत होतात, तीच या झुडपाला सोसत नाही. त्याला आम्लधर्मी माती लागते.

कोव्हिल यांची पुस्तिका १९१० मध्ये निघाली आणि न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ व्हाइट यांच्या वाचनात आली. व्हाइट यांच्या घरची क्रॅनबेरीची बाग होती. क्रॅनबेरी ही ब्लूबेरीची चुलत बहीण, त्यामुळे तिथली जमीन आधीच आंबट होती. व्हाइट यांनी कोव्हिल यांना जमीन आणि मदत देऊ केली, वर स्वतः एक युक्ती काढली. रानात फळे वेचायला जाणाऱ्यांच्या हातात त्यांनी सुमारे १६ मिलिमीटरचे भोक पाडलेली पट्टी दिली. ज्या झुडपाचे फळ त्या भोकातून जाणार नाही ते झुडूप दाखवायचे आणि पैसे घ्यायचे. झुडपाला नावही शोधणाऱ्याचेच. रूब लीक नावाच्या माणसाने दाखवलेल्या झुडपाचे नाव ‘रुबेल’ पडले आणि ते वाण आजही लावले जाते. १९१६ मध्ये बागेतल्या ब्लूबेरीचे पहिले पीक बाजारात गेले. आंबा किंवा द्राक्षाच्या तुलनेत हे अगदी कालपरवाचे पीक. पुढे कमी थंडीत येणारी वाणे तयार झाली, लागवड दक्षिण अमेरिकेत पोहोचली आणि गेल्या काही वर्षांत पेरू हा देश जगातला सर्वांत मोठा निर्यातदार होऊन बसला. २०२३ मध्ये अमेरिकेबरोबरचा व्यापारवाद मिटवताना भारताने ब्लूबेरीवरचे आयात शुल्क कमी केले. आपल्या फळवाल्याकडे ही डबी दिसू लागण्यामागे आरोग्याच्या सल्ल्यांइतकाच अशा करारांचाही हात आहे.

या इतिहासातली आणखी एक गोष्ट पुढे लागणार आहे. अमेरिकेतले ब्लूबेरी बागायतदार आणि आयातदार दर टनामागे ठरावीक वर्गणी देतात. त्या पैशातून ‘यूएस हायबुश ब्लूबेरी काउन्सिल’ हे मंडळ फळाची जाहिरात करते आणि संशोधनालाही पैसा पुरवते.

निळा रंग निळा नाहीच

ब्लूबेरी बोटांत चिरडून पाहावी. डाग निळा पडत नाही, जांभळाचा पडतो तसा लालसर जांभळा पडतो. फळाचा निळेपणा सालीवरच्या मेणाच्या पातळ थराचा असतो. या थरातली अतिसूक्ष्म रचना निळा प्रकाश विखुरते आणि फळ निळे दिसते, हे ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवून दिले. काळ्या द्राक्षांवर आणि आलुबुखारावर जी पांढुरकी साय दिसते तीही अशीच. ग्राहकाला तिचा उपयोग एवढाच, की ती शाबूत असेल तर फळ फारसे हाताळलेले नाही, असे समजावे.

कामाचा रंग या मेणाखाली, सालीत असतो. अँथोसायनिन या गटातली ही रंगद्रव्ये. ब्लूबेरीभोवतीचे सगळे संशोधन मुख्यतः यांच्याभोवती फिरते. बाकी पोषणमूल्य पाहिले तर फळ चांगले, पण अचाट नाही. १५० ग्रॅम, म्हणजे साधारण कपभर ब्लूबेरीत ८५ उष्मांक, १५ ग्रॅम साखर आणि साडेतीन ग्रॅम तंतू असतात. ‘क’ जीवनसत्त्व हवे असेल तर पेरू देशातून आलेल्या ब्लूबेरीपेक्षा आपला पेरू कितीतरी बरा. १०० ग्रॅमला हिशेब केला तर त्यात ते सुमारे २० पट असते.

आता त्या शब्दाकडे यायला हवे, जो ब्लूबेरीच्या प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो. अँटिऑक्सिडंट. १९९० च्या दशकात अमेरिकेत एक चाचणी तयार झाली. खाद्यपदार्थाचा अर्क परीक्षानळीत घालायचा आणि तो किती ‘फ्री रॅडिकल’ निकामी करतो ते मोजायचे. या मापाला ओरॅक म्हणत. ब्लूबेरीचा आकडा घसघशीत आला. अमेरिकी कृषी खात्याने २००७ मध्ये शेकडो पदार्थांचे ओरॅक आकडे प्रसिद्ध केले, २०१० मध्ये त्यात भर घातली. ‘सुपरफूड’ या शब्दाला जणू सरकारी शिक्का मिळाला. मसाल्यांपासून चॉकलेटपर्यंत जो तो आपला आकडा छापू लागला.

२०१२ मध्ये कृषी खात्याने ही सगळी यादी संकेतस्थळावरून काढून टाकली. या आकड्यांचा माणसाच्या आरोग्यावरील परिणामाशी संबंध दिसत नाही आणि कंपन्या त्यांचा सर्रास गैरवापर करतात, असे कारण खात्याने दिले. यादी गेली, शब्द मात्र पाकिटांवर राहिला तो राहिलाच.

चाचणी चुकीची नव्हती, तिच्यातून काढलेला अर्थ चुकीचा होता. परीक्षानळीतले अँथोसायनिन आणि रक्तातले अँथोसायनिन यांत फार अंतर आहे. खाल्लेल्या रंगद्रव्यापैकी अगदी थोडे मूळ रूपात रक्तात पोहोचते. उरलेल्याचे आतड्यात, बरेचसे तिथल्या जिवाणूंकडून, तुकडे होतात आणि हे तुकडे रक्तात जातात. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये आठ पुरुषांना एक अँथोसायनिन दिले, ज्याच्या कार्बन अणूंवर आधीच खूण केलेली होती. मग रक्त, लघवी, शौच आणि श्वास यांतून त्या खुणेचा माग काढला. मूळ रंगद्रव्यापेक्षा त्याचे तुकडे रक्तात कितीतरी जास्त आणि कितीतरी जास्त वेळ टिकलेले आढळले. म्हणजे ब्लूबेरीचा काही फायदा होत असेल तर तो परीक्षानळीतल्या त्या झटापटीतून नव्हे, या तुकड्यांनी शरीराला दिलेल्या संकेतांतून होत असावा. हा फरक किरकोळ वाटेल, पण त्यामुळे संशोधनाची दिशाच बदलली. अँटिऑक्सिडंटचे आकडे मोजणे मागे पडले आणि रक्तवाहिन्यांकडे लक्ष गेले.

रक्तवाहिनीची परीक्षा

दंडावर किंवा मनगटाच्या वर रक्तदाब मोजतात तसा पट्टा बांधायचा, पाच मिनिटे फुगवून रक्त अडवायचे आणि मग एकदम सोडायचे. अडलेले रक्त जोराने धावते. निरोगी धमनी त्या लोंढ्याला वाट देण्यासाठी रुंदावते, कारण तिच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो आणि भिंत सैलावते. धमनी किती टक्के रुंदावली ते सोनोग्राफीने मोजता येते. धूम्रपान, मधुमेह, वाढते वय यांनी हे अस्तर बिघडते आणि हृदयविकाराच्या कितीतरी आधी धमनीचे हे रुंदावणे कमी होते. ब्लूबेरीच्या बाजूने जो सर्वांत भक्कम पुरावा आहे तो या चाचणीतला आहे.

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २१ निरोगी पुरुषांना ब्लूबेरीच्या पुडीचे पेय दिले. तास-दोन तासांत धमनीचे रुंदावणे सुधारले, मग थोडे ओसरले आणि सहाव्या तासाला पुन्हा वाढले. दोन्ही वेळा रक्तात रंगद्रव्याचे वेगवेगळे तुकडे वाढलेले होते. आणखी एक गोष्ट दिसली. एका मर्यादेनंतर पूड वाढवली तरी फायदा वाढला नाही.

पण एका दिवसाच्या प्रयोगावरून महिनोन्‌महिने खाण्याचा सल्ला देता येत नाही. त्यासाठी पाहायला हवी ती इंग्लंडमधल्या नॉर्विच इथल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठाची २०१९ मधली चाचणी. पोट सुटलेले, साखर आणि चरबी वाढू लागलेली, म्हणजे मेटाबॉलिक सिंड्रोम असलेले ५० ते ७५ वयाचे ११५ जण सहा महिने टिकले. काहींना रोज एक कप ब्लूबेरीइतकी पूड, काहींना अर्धा कप, काहींना रंग-चव जुळवलेली पण ब्लूबेरी नसलेली पूड. कोणाला काय मिळते हे ना त्यांना ठाऊक, ना तपासणाऱ्यांना. सहा महिन्यांनी एक कपवाल्यांच्या धमनीचे रुंदावणे जवळजवळ दीड टक्का-अंकाने सुधारले, धमन्यांचा ताठरपणाही कमी झाला. आकडा लहान दिसतो, पण या मापाच्या हिशेबात तो दखल घेण्याजोगा आहे. हृदयविकाराचा धोका त्यामुळे १२ ते १५ टक्के कमी व्हावा, असा संशोधकांचा अंदाज होता. अंदाजच, कोणाचा झटका टळला हे मोजण्याइतकी ती चाचणी मोठी नव्हती की लांबही.

आता याच चाचणीची दुसरी बाजू, जी बातम्यांत फारशी आली नाही. अर्धा कप घेणाऱ्यांत काहीही बदल झाला नाही. रक्तदाब कोणाचाच उतरला नाही. आणि चाचणीचा मुख्य प्रश्न होता तो इन्शुलिनला शरीर नीट प्रतिसाद देऊ लागते का हा; त्याचे उत्तर ‘नाही’ असे आले. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांना ज्या कारणासाठी ही फळे आणून दिली जातात, नेमके त्याच कारणासाठी.

मग साखरेचे काय?

इथे पुरावा एका दिशेने जात नाही. अमेरिकेत २०१० मध्ये ३२ स्थूल व्यक्तींवर सहा आठवड्यांचा प्रयोग झाला होता, त्यात इन्शुलिनचा प्रतिसाद सुधारला होता. पण त्यांना रोज ४५ ग्रॅम पूड मिळत होती, म्हणजे ताज्या फळांच्या हिशेबात जवळपास दोन कप. मधुमेह झालेल्यांवरचा एक प्रयोग २०२० मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीत झाला. इन्शुलिन न घेणारे ५२ पुरुष, रोज २२ ग्रॅम पूड किंवा तशीच दिसणारी दुसरी पूड, आठ आठवडे. शेवटी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे माप, एचबीए१सी, ब्लूबेरी गटात ७.१ आणि दुसऱ्या गटात ७.५ होते. उपाशीपोटीची साखर मात्र दोन्ही गटांत फारशी वेगळी नव्हती. निकाल आशादायक आहे. पण ५२ जणांवर आठ आठवडे झालेल्या प्रयोगावरून गोळी कमी करण्याचा विचार कोणी करू नये, आणि ती गोळी चालू असतानाच हा फरक दिसला होता, हेही लक्षात ठेवावे.

मोठ्या लोकसंख्येचे अभ्यास अधिक ठाम बोलतात, पण ते वेगळ्या प्रकारचे. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०१३ मध्ये अमेरिकेतल्या १ लाख ८७ हजार परिचारिका आणि आरोग्यक्षेत्रातल्या पुरुषांचा अभ्यास आला. आठवड्यातून तीन वेळा ब्लूबेरी खाणाऱ्यांत मधुमेह होण्याचे प्रमाण २६ टक्क्यांनी कमी दिसले. द्राक्षे आणि सफरचंद खाणाऱ्यांतही ते कमी होते, थोड्या फरकाने. फळांचा रस पिणाऱ्यांत मात्र प्रमाण किंचित वाढलेले होते. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाताना रसाचे खोके नेण्याची पद्धत आहे, म्हणून हे वाक्य ठळक वाचावे.

असाच एक अभ्यास हृदयविकाराचा. ९३,६०० परिचारिका, १८ वर्षे. आहारात अँथोसायनिन सर्वाधिक असलेल्यांत हृदयविकाराचा झटका ३२ टक्क्यांनी कमी. बातम्यांचे मथळे झाले, ‘आठवड्यातून तीनदा ब्लूबेरी-स्ट्रॉबेरी खा, झटका टाळा.’ पण मूळ निबंधात नुसत्या या दोन फळांचा हिशेब वेगळा दिला होता आणि तो फरक योगायोगाचा नाही असे म्हणण्याइतका पक्का नव्हता. १८ वर्षांत त्या सर्व स्त्रियांमध्ये मिळून झटके आले होते ४०५.

शिवाय ब्लूबेरी खाणारी बाई अमेरिकेतही साधारणपणे बऱ्या पगाराची, सिगारेट न ओढणारी, चालायला जाणारी असते. संशोधक या गोष्टी गणिताने वजा करतात, पण आयुष्य पूर्ण वजा होत नाही. म्हणून अशा अभ्यासांतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही.

स्मरणशक्तीचे पुराण सुरू झाले उंदरांपासून. बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात १९९९ मध्ये म्हाताऱ्या उंदरांना आठ आठवडे ब्लूबेरीचा अर्क दिला तेव्हा त्यांचा तोल आणि हालचाल सुधारली. पुढे २०१२ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या १६ हजार परिचारिकांच्या अभ्यासात, बेरी जास्त खाणाऱ्यांची स्मरणशक्ती उशिरा घसरते, कदाचित अडीच वर्षांपर्यंत उशिरा, असे दिसले. माणसांवरचे प्रत्यक्ष प्रयोग लहान आहेत आणि त्यांचे निकाल संमिश्र. स्मृतिभ्रंश झालेल्याला ब्लूबेरीने आठवायला लागते, असा पुरावा नाही. कर्करोगाबद्दल जे सांगितले जाते ते प्रयोगशाळेतल्या पेशी आणि प्राण्यांपुरते आहे. आणि नजरेची कथा तर ब्लूबेरीची नाहीच, ती तिच्या युरोपीय बहिणीची, बिलबेरीची. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिक म्हणे बिलबेरीचा जॅम खाऊन अंधारात पाहत. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १५ तरुणांना बिलबेरीचा अर्क देऊन त्यांची रात्रीची नजर तपासली गेली. काही फरक नव्हता. बिलबेरीच्या गोळ्या तरीही विकल्या जातात.

यातल्या अनेक प्रयोगांना पैसा बागायतदारांच्या मंडळाने दिला आहे, नॉर्विचच्या चाचणीलाही. तिथे सरकारी संशोधन निधीही होता आणि ‘नाही’ हे उत्तरही प्रसिद्ध झाले, त्यामुळे लगेच संशय घेण्याचे कारण नाही. मंडळ खोटे निकाल विकत घेते असे नव्हे. ते प्रश्न निवडते. ब्लूबेरी विरुद्ध रंगीत साखरेची पूड असा सामना लावला जातो. ब्लूबेरी विरुद्ध काळी द्राक्षे असा सामना लावण्यात त्याला रस असण्याचे कारण नाही.

छत्तीस डब्या

नॉर्विचमध्ये फायदा दिसला तो रोज १५० ग्रॅमला, अर्ध्या मात्रेला नाही. महिन्याचे झाले साडेचार किलो, म्हणजे १२५ ग्रॅमच्या ३६ डब्या. डबी अडीचशेला धरली तर ९ हजार रुपये. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरात ही रक्कम औषधांच्या बिलाच्या शेजारी जाऊन बसते. प्रत्यक्षात कोणी एवढी आणत नाही. आठवड्याला एक डबी येते, रोज सकाळी ओट्सवर सात-आठ फळे मोजून टाकली जातात आणि काहीतरी केल्याचे समाधान मिळते. त्या सात-आठ फळांनी धमन्यांवर काही होते, असे दाखवणारा प्रयोग वर सांगितलेल्यांपैकी एकही नाही. चवीसाठी खावीत, छान लागतात.

ज्यांना परवडते त्यांनी गोठवलेली ब्लूबेरी घ्यायला हरकत नाही. ती सहसा ताज्यापेक्षा स्वस्त पडते आणि गोठवल्याने रंगद्रव्ये फारशी जात नाहीत. भाजल्या-शिजवल्याने ती बरीच घटतात, त्यामुळे मफिनमधल्या ब्लूबेरीकडून आरोग्याची अपेक्षा ठेवू नये. त्या मफिनमधले मैदा-साखर-लोणी वेगळेच.

आणि जांभूळ? व्हॉट्सअ‍ॅपवर याचे उत्तर तयार असते, ‘आपले जांभूळ हीच देशी ब्लूबेरी.’ वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने दोघांचे काही नाते नाही. जांभूळ लवंगेच्या कुळातले. रंगाच्या दृष्टीने मात्र नाते चांगलेच जवळचे आहे. ब्लूबेरीतली डेल्फिनिडिन, पेट्युनिडिन, माल्व्हिडिन ही अँथोसायनिन गटातली नावे जांभळाच्या सालीतही सापडतात. काळ्या द्राक्षात माल्व्हिडिन मुख्य. कोकमाच्या सालीत सायनिडिन, महाबळेश्वरच्या तुतीतही तेच. वांग्याच्या जांभळ्या सालीत डेल्फिनिडिनचा एक प्रकार असतो. तेव्हा रंगद्रव्य हेच कारण असेल तर ते पालघरच्या बहाडोलीतही पिकते, सांगली-नाशिकच्या काळ्या द्राक्षांतही. ‘असेल तर’ हे शब्द मात्र सोडू नयेत. जांभळाच्या गरावर माणसांत झालेले काम फार थोडे आहे. बियांच्या पुडीवर झालेले बरेचसे काम उंदरांवरचे आहे आणि जांभळाच्या पानांचा चहा मधुमेहींना देऊन ब्राझीलमध्ये नीट चाचणी केली तेव्हा साखर उतरली नाही. एका रंगद्रव्यावरून सगळ्या झाडाला औषध ठरवण्याची चूक अमेरिकेने ओरॅकच्या यादीत केली होती. ती आपण जांभळाच्या नावाने पुन्हा करण्यात अर्थ नाही.

मधुमेहाच्या रुग्णापुढचा व्यवहार यातून निघतो तो असा. गडद रंगाचे, सालीसकट खाता येणारे अख्खे फळ, हंगामात मिळेल ते, वाटीभर. मृगाच्या आसपास जांभूळ, उन्हाळ्याच्या तोंडाशी काळी द्राक्षे (साखर जास्त असल्याने ती बेताने), एरवी सफरचंद किंवा पेरू. ते जेवणावर वाढीव नको; सकाळची बिस्किटे किंवा संध्याकाळच्या फरसाणाच्या जागी हवे, कारण १५ ग्रॅम साखर फळातली असली तरी ती मोजावीच लागते. गोळ्या आणि तपासण्या ठरल्याप्रमाणेच. वॉरफेरिनसारखी रक्त गोठू न देणारी गोळी चालू असलेल्यांनी ब्लूबेरी एकदम भरपूर सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगावे. तिच्यात ‘के’ जीवनसत्त्व पालकापेक्षा फारच कमी असते, पण या गोळीला आहारातले अचानक चढउतार मानवत नाहीत. लहान मुलांना ही गोल, गुळगुळीत फळे अख्खी देऊ नयेत, घशात अडकतात. चिरडून किंवा चार तुकडे करून द्यावीत.

‘ब्लूबेरी’ लिहिलेली पाकिटे घेताना मागची घटकयादी वाचावी. न्याहारीच्या तृणधान्यांत आणि बेकरीच्या मालात दिसणारे निळे कण पुष्कळदा साखर, तेल, स्टार्च आणि रंग यांचे असतात. वाळवलेल्या ब्लूबेरीतही बहुधा वरून साखर घातलेली असते आणि पाणी उडाल्याने मूठभरात ताज्या फळांच्या कितीतरी पट साखर पोटात जाते. यादीत घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. साखर ब्लूबेरीच्या आधी आली असेल तर पाकीट साखरेचे आहे.